अण्णांचे अनवाणी पाय

वाचकाचं पत्र (सारांश) : सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका शिक्षिकेनं लिहिलं आहे. त्यांचे सासरे, घरातले अण्णा, ६७ वर्षांचे. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. १४ वर्षांपासून मधुमेह. वीसहून जास्त वर्षं ते आषाढीला पायी जातात आणि गेली पाच वर्षं, एक नवस बोलल्यापासून, अनवाणी. गेल्या वर्षी वारीहून परतल्यावर चार दिवसांनी अंथरुणावर रक्ताचा डाग दिसला, तेव्हा कळलं की उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, चवड्याला, रुपयाएवढी जखम आहे. आधी घरी हळद भरली, मग दवाखाना, मग रोजचं ड्रेसिंग. जखम भरायला दिवाळी उजाडली. अण्णांना मात्र तिचा त्रास कधी झालाच नाही. "माउलीची कृपा आहे, पायाला काही लागलं तरी दुखत नाही," असं ते सगळ्यांना सांगतात. यंदाही अनवाणीच जाणार म्हणतात. मुलगा म्हणतो, त्यांच्या श्रद्धेच्या आड यायला नको. सुनेच्या जिवाला घोर लागला आहे. पण सासऱ्यांचे पाय हातात घेऊन तपासायचा संकोच वाटतो, आणि काही बोललं तर 'ही वारी बंद करायला निघाली' असा घरात सूर लागतो. त्यांचा प्रश्न एका ओळीचा आहे : "आषाढाला अडीच महिने उरलेत, अण्णांना वारीपासून कसं थांबवू?" शेवटी ता. क. म्हणून लिहिलंय : "टाचांच्या भेगा आणि बोटांमधल्या चिखल्यांनी मीही बेजार आहे, पण ते राहू द्या."

ताई,

तुमच्या प्रश्नाआधी मला अण्णांच्या वाक्याबद्दल बोलायचं आहे. 'पायाला काही लागलं तरी दुखत नाही.' सर्जिकल वॉर्डात परिचारिका म्हणून माझी बरीच वर्षं गेली आणि हे वाक्य मी कितीदा ऐकलं त्याची मोजदाद नाही. कुणी सहज सांगायचं, कुणी थोडं अभिमानानं. 'आमचे पाय राकट, बाई, काटा मोडला तरी कळत नाही.' मी चिमट्यानं जखमेतला खडा काढत असायचे आणि तो माणूस शेजारच्याशी पावसापाण्याच्या गप्पा मारत असायचा. तेव्हा माझ्या पोटात गोळा यायचा. रुपयाएवढी जखम उघडी आहे आणि माणूस तिच्यावर वजन टाकून चालतोय, याचा अर्थ त्या पायाची जाणीव गेली आहे.

साखर बरीच वर्षं वाढलेली राहिली की शरीरातल्या लांब नसा आधी खराब होतात, आणि सगळ्यांत लांब नसा पायांच्या बोटांपर्यंत पोचणाऱ्या असतात. म्हणून सुरुवात बोटांपासून होते. आधी मुंग्या, आग, रात्री तळपायांची जळजळ. मग हळूहळू तेही थांबतं, आणि माणसाला वाटतं की बरं वाटायला लागलं. तुम्ही अण्णांना एक विचारून बघा : चालताना चप्पल पायातून निसटते आणि दोन पावलं पुढे गेल्यावर कळतं, असं होतं का? ओपीडीत हा प्रश्न मी आवर्जून विचारायचे. 'हो, हल्ली होतं खरं' असं उत्तर आलं की बाकीचं बरंचसं कळून जायचं.

आपण धडधाकट माणसं लांब चाललो की काय करतो? चवडा दुखायला लागला की नकळत वजन टाचेवर घेतो, थोडं लंगडतो, बसतो. हे सगळं दुखण्याच्या भरवशावर चालतं. अण्णांच्या पायाला ती सोय राहिली नाही. हजारो पावलं एकाच जागी दाब देत राहतात. तिथं आधी घट्टा होतो. घट्टा म्हणजे राकटपणा, असं आपण समजतो. पण बधिर पायात तो एखाद्या खड्यासारखा आतल्या मांसावर दाबत राहतो, त्याच्याखाली रक्त साकळतं आणि एक दिवस कातडी फुटते. शिवाय नसांबरोबर तळव्याचा घामही आटतो, म्हणून कातडी कोरडी पडून चिरते. पावलातले लहान स्नायू दुबळे होऊन बोटं वाकडी होतात आणि चवड्यावरचा दाब आणखी वाढतो. अण्णांची जखम अंगठ्याच्या मुळाशीच झाली, कारण पाऊल उचलताना सगळा भार तिथं येतो.

हे ज्ञान आपल्याच देशात, वेल्लोरला, कुष्ठरुग्णांच्या पायांवरून वैद्यकाला मिळालं. पॉल ब्रँड नावाचे शल्यचिकित्सक तिथं काम करत होते. कुष्ठरोग्यांची बोटं रोगानं आपोआप झडतात, असा तेव्हा सर्वसाधारण समज होता. ब्रँड यांनी दाखवून दिलं की, दुखणं कळत नसल्यामुळे होणाऱ्या रोजच्या बारीकसारीक इजांनी ते हात-पाय झिजतात. त्या इजा टाळल्या तर ते वाचतात. पुढे अमेरिकेत गेल्यावर त्यांनी हीच गोष्ट मधुमेहींच्या पायांना लावली. बधिर पायांसाठी आज जी मऊ रबरी तळाची एमसीआर चप्पल आपल्याकडे मिळते, तिची वाटही त्याच वेल्लोरच्या कामातून निघाली. म्हणून मी पेशंटना सांगायचे : दुखण्याचं काम आता तुमच्या डोळ्यांनी करायचं. रोज, न चुकता.

आता तुमचा प्रश्न. 'वारीपासून कसं थांबवू' असं तुम्ही विचारलंत, म्हणजे दोष वारीकडे आहे असं धरून चाललात. मला तसं वाटत नाही. जखम वाटेत झाली असेल, पण ती सापडली घरी, परतल्यावर चौथ्या दिवशी, आणि तीही चादरीवर डाग पडला म्हणून. ते चार दिवस अण्णा घरात, अंगणात, देवळात त्याच पायानं चालत होते. तुमच्यासारख्या घरात लहानथोर रोज वडीलधाऱ्यांच्या पाया पडतात. पाया पडताना आपण वरून हात लावतो, तळवा कुणी बघत नाही. मी हे दोष म्हणून सांगत नाही. माझ्या स्वतःच्या आईच्या टाचेला चीर पडून पिकली होती, आणि मी, दिवसभर दुसऱ्यांचे पाय बघणारी, ती शेजारणीनं सांगितल्यावर पाहिली. त्याचं शल्य अजून आहे. वारी १८-२० दिवसांची असते. उरलेले साडेतीनशे दिवस अण्णा घरात अनवाणी फिरतात, अंघोळीचं पाणी पायानंच अजमावतात, दुपारी देवळाच्या तापलेल्या फरशीवरून प्रदक्षिणा घालतात. यंदा वारी बंद केली आणि हे सगळं तसंच राहिलं, तर पुढची जखम परसदारी होईल.

दुसरी गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, पण ती पत्रभर आहे : अण्णा हट्टी आहेत, असं तुम्हाला वाटतं. जरा त्यांच्या जागेवरून बघा. ज्याला ते पाच वर्षं माउलीची कृपा समजत आले, त्याला तुम्ही 'हा तर रोग आहे' म्हणालात, तर तुम्ही त्यांच्याकडून फार मोठं काही काढून घेताय. असं काही सुनेच्या तोंडून कुणी ऐकून घेणार नाही. ते त्यांचं त्यांना दिसू द्या.

त्यासाठी एक साधी तपासणी आहे. इंग्लंडमधल्या इप्स्विच गावच्या डॉक्टरांनी ती रूढ केली, आणि तिला काही उपकरण लागत नाही. अण्णांना खाटेवर आडवं करून डोळे मिटायला सांगायचं. आपल्या तर्जनीचं टोक त्यांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला अगदी हलकेच, एक-दोन सेकंद, टेकवायचं. दाबायचं नाही, टिचकी मारायची नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत. दोन्ही पायांची मिळून सहा ठिकाणं. जाणवलं की त्यांनी 'उजवा', 'डावा' असं म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणं हुकली, तर जाणीव कमी झाली आहे असं समजून डॉक्टरांकडे जायचं. अण्णांना जखम होऊन गेलेली असल्यामुळे डॉक्टरांकडे तर तसंही जायचंच आहे. ही तपासणी अण्णांसाठी आहे. घरात नातवंड असेल तर त्याच्याकडून करवा. आधी अण्णांनी नातवाची करायची, मग नातवानं अण्णांची. नातवाची सहाच्या सहा बरोबर येतील. पुढे कुणी काही बोलायची गरज उरणार नाही, आणि तुमचा संकोचाचा प्रश्नही थोडा सुटेल. (संकोचाबद्दल एवढंच म्हणेन की पाय बघणं हे मुलाचं काम आधी आहे. श्रद्धेच्या आड येऊ नये हे त्यांचं म्हणणं मला मान्य आहे. मग रोज रात्री पाच मिनिटं वडिलांच्या पायाशी बसणं ही त्यांची सेवा. आणि मधुमेही वडिलांचा मुलगा म्हणून त्यांनी स्वतःची साखरही आता दरवर्षी बघावी.)

आता यंदाच्या वारीचं. तुम्हाला खरं ते सांगायला हवं. बधिर पायाची जखम भरून आली म्हणजे गोष्ट संपत नाही. अशी जखम भरलेल्या दर १० जणांपैकी साधारण ४ जणांना वर्षभरात पुन्हा जखम होते, आणि बहुतेकदा तिथंच किंवा आसपास. अण्णांची जखम दिवाळीत भरली. आषाढापर्यंत आठ-नऊ महिनेच होतील. नवी कातडी वरून बरी दिसली तरी ती जुन्या कातडीइतकी सोशीक नसते. पुणे ते सासवड, दिवे घाट चढून, एका दिवसात जवळपास ३० किलोमीटर पडतात. म्हणून अनवाणी जाणं यंदा नाही, आणि माझ्या मते पुढेही कधी नाही. यात मी तडजोड सुचवणार नाही. पूर्ण वाट पायी चालायची का, हे मात्र तुम्ही, मी किंवा मुलगा ठरवू शकत नाही. त्यांचा पाय हातात घेऊन, पावलावरची नाडी बघून, जाणीव तपासून डॉक्टरच सांगतील. नायलॉनचा एक जाडसर दोरा असतो, १० ग्रॅम दाबाला वाकणारा. तो तळव्याला लावून आणि नादकाटा कंपित करून अंगठ्याला टेकवून ते बघतात. पाच-दहा मिनिटांचं काम आहे. मधुमेह असलेल्या प्रत्येकाची ही तपासणी वर्षातून एकदा व्हायला हवी, आणि अण्णांसारख्या, जखम होऊन गेलेल्या माणसाची दर एक ते तीन महिन्यांनी. दवाखान्यात गर्दी असते, पाय बघायचे राहून जातात. आत शिरल्याबरोबर चप्पल काढून बसा आणि 'पाय बघा' असं तोंडानं सांगा.

डॉक्टर पूर्ण वारीला नाही म्हणाले, तर 'घरी बसा' आणि 'सगळी वाट चाला' यांच्यामध्ये बरीच जागा आहे. पालखी तुमच्याच जिल्ह्यातून जाते. नीरा ओलांडली की लोणंद, तरडगाव, फलटण. लोणंद ते तरडगाव हा टप्पा इतरांच्या मानानं लहान, आणि चांदोबाचा लिंब इथलं पहिलं उभं रिंगण त्याच वाटेवर. तेवढंच, चांगल्या पादत्राणानं, मुलगा बरोबर घेऊन चालता येईल का, असं डॉक्टरांना नेमकं विचारा. किंवा दिंडीच्या ट्रकबरोबर मुक्कामाला पुढे जायचं, स्वयंपाकाच्या जागी बसून सेवा करायची, संध्याकाळी हरिपाठाला उभं राहायचं, आणि वाखरीहून पंढरपूरचा शेवटचा थोडका टप्पा डॉक्टरांनी होकार दिला तर सगळ्यांबरोबर चालायचा. वीस वर्षं दिंडीत चाललेल्या माणसाला दिंडीत काम कमी पडत नाही. कंडक्टरकी केलेला माणूस हिशेबाला आणि माणसं मोजायला तर हवाच असतो.

डॉक्टरांनी चालायची परवानगी दिली, तर तयारी आत्तापासून हवी. एकदम २० किलोमीटर नव्हे; आज चालतात त्यात थोडी थोडी भर, आणि रोज चालून आल्यावर तळवे बघणं. वाटेत दर विसाव्याला चप्पल-मोजे काढून बघायचं. आषाढात मोजे भिजणारच, म्हणून पिशवीत तीन-चार कोरडे जोड. एक तळहाताएवढा आरसाही ठेवा : तो जमिनीवर ठेवून वर पाय धरला की वाकता न येणाऱ्यालाही स्वतःचा तळवा दिसतो. चंद्रभागेत उतरताना मागून पट्टा असलेली चप्पल पायातच ठेवायची. वाळवंटात काचा असतात. रांगेत चप्पल काढावीच लागते, तिथं जाड, कोरडे सुती मोजे.

राहिला नवस. वारी अनवाणीच व्हायला हवी असा काही दंडक नाही. बहुसंख्य वारकरी चप्पल-बूट घालूनच चालतात. वाटेवर ठिकठिकाणी वारकऱ्यांच्या तुटलेल्या वहाणा फुकट शिवून देणारे चर्मकार बसतात, पाय चेपून देणारे बसतात, आणि ती सेवा विठ्ठलाचीच मानली जाते. हे अण्णांना तुमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. पण हे त्यांना तुम्ही सांगू नका. त्यांच्या दिंडीचे विणेकरी असतील, ज्यांचा शब्द ते मानतात असे महाराज असतील, त्यांना तुमच्या यजमानांनी जाऊन भेटावं, गेल्या वर्षीच्या जखमेचं सगळं सांगावं आणि नवस कसा फिरवता येईल ते विचारावं. अनवाणी चालण्याऐवजी रोजचं काही वाचन, काही नेम, काही सेवा. असा मार्ग सांप्रदायिक माणसं काढून देतात, मी पाहिलं आहे. त्या बोलण्यात दोन गोष्टी आल्या तर चांगलं होईल. एक, पालखीत आपण जे वाहून नेतो त्या माउलींच्या पादुका आहेत. आणि दुसरी, पंढरपूरला पायांवर डोकं ठेवून दर्शन घेतात. इतक्या हातांनी आणि कपाळांनी मूर्तीची झीज होते, म्हणून अधूनमधून वज्रलेप करावा लागतो. विठ्ठलाच्या पायांनाही जपावं लागतं. अण्णांच्या पायांना का नको?

आता रोजचं. आपल्याकडे बाहेरून आलं की हातपाय धुवायची चांगली सवय आहे. चुकतं ते पुढे. पाय धुतले की आपण पायपुसण्यावर दोनदा आपटतो आणि आत येतो. बोटांच्या बेचक्या ओल्याच राहतात. अण्णांच्या पायांसाठी जुन्या धोतराचा किंवा पांढऱ्या सुती कापडाचा वेगळा तुकडा ठेवा. पांढरा अशासाठी की रक्ताचा, पाण्याचा, पुवाचा डाग लगेच दिसतो. संध्याकाळी दिवा लावायच्या वेळी कोमट पाण्यानं पाय धुवायचे. पाण्याचा अंदाज अण्णांच्या पायानं नव्हे, दुसऱ्या कुणाच्या कोपरानं घ्यायचा. मीठ घातलेल्या गरम पाण्यात पाय बुडवून बसणं, हिवाळ्यात शेकोटीजवळ पाय शेकणं, गरम पाण्याची पिशवी, हे सगळं बंद. पाय गार पडले तर मोजे. मग प्रत्येक बेचकी वेगळी पुसायची, आणि पुसता पुसताच बघायचं : तळवा, टाच, बोटांची टोकं, नखांच्या कडा. फोड, चीर, लाली, काळपट ठिपका, नवा घट्टा. तळव्याला आणि टाचेला खोबरेल तेल किंवा साधं मलम चोळायचं. बेचक्यांत मात्र तेल नको, तिथं ओल धरते. हरिपाठाच्या आधी हे बसवून टाका, म्हणजे ते नेमाचा भाग होईल.

नखं अंघोळीनंतर मऊ असताना सरळ रेषेत कापायची, कोपरे खोल कोरायचे नाहीत. नखुरडं तिथूनच सुरू होतं. अण्णांची नजर कमी झाली असेल तर त्यांनी स्वतः कापू नयेत. कुरूप किंवा घट्टा ब्लेडनं तासायचा नाही, आणि दुकानात मिळणाऱ्या कुरुपाच्या पट्ट्या लावायच्या नाहीत. त्यांत आम्ल असतं, ते बधिर पायाची चांगली कातडीही जाळतं. घट्टा दवाखान्यात काढून घ्यायचा. घरात पाऊल टाकायचं तेही चप्पल घालूनच. देवघरासाठी वेगळी धुतलेली मऊ चप्पल ठेवली तर बऱ्याच घरांतला वाद मिटतो. आणि एक सांगते, ऐकायला विचित्र वाटेल : रात्री झोपताना मोजे किंवा पायांवर नीट पांघरूण हवं. गावाकडच्या घरांत उंदीर बधिर बोट कुरतडतो आणि माणसाला सकाळी कळतं. अशी माणसं मी स्वतः पाहिली आहेत.

पादत्राणाला थोडा वेळ द्या. अंगठ्याची चप्पल अण्णांसाठी नाही. तिचा पट्टा बेचकीत घासतो, आणि ती पायात टिकावी म्हणून बोटं आवळून धरावी लागतात. आतून मऊ, खालून काटा शिरणार नाही असा टणक तळ, मागून पट्टा, वरून सैल-घट्ट करता येणारा वेल्क्रो, आणि कुठंही खिळा नाही, अशी एमसीआरची सँडल हवी. जखमेची जागा बघून आतला तळ पायाच्या मापानं करून घेता आला तर सगळ्यांत चांगलं, डॉक्टरांना विचारा. माप संध्याकाळी घ्यायचं, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. कागदावर उभं राहून दोन्ही पावलांची रेघ आखायची, कागद कापायचा आणि दुकानात तो चपलेच्या आत ठेवून बघायचा. कडा दुमडली तर ती चप्पल नको. अण्णा 'बसते, बसते' म्हणतील, कारण त्यांना टोचलेलं कळत नाही. नवी चप्पल पहिल्या दिवशी तासभर, मग पाय बघून वाढवत न्यायची. घालण्याआधी दर वेळी उलटी करून झटकायची आणि आत हात फिरवायचा. बाभळीचा काटा तळातून अर्धा आत आलेला मी कितीदा काढला आहे.

काही गोष्टींना त्याच दिवशी दवाखाना. उघडी जखम, फोड, पू, वास, काळी पडलेली कातडी, पसरत जाणारी लाली; ताप, किंवा साखर कारण नसताना चढलेली; एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम आणि सुजलेला, मग दुखत नसला तरी. हळदीला मी नावं ठेवत नाही, पण भरलेल्या हळदीखाली जखम झाकली जाते आणि तिची खोली कळत नाही. गेल्या वर्षी तुमचे काही दिवस तसे गेले. स्वच्छ पाण्यानं धुवायची, स्वच्छ कोरडं कापड बांधायचं, त्या पायावर वजन न टाकता निघायचं. अण्णा तंबाखू किंवा बिडी घेत असतील तर तेही डॉक्टरांपुढे बोला. त्यानं पायाचा रक्तपुरवठा आटतो, आणि रक्त पोचत नसेल तर जखम भरत नाही.

आता तुमचं 'राहू द्या'. ते मी राहू देणार नाही. घरातल्या सगळ्यांच्या पायांची काळजी एका बाईनं करायची आणि स्वतःच्या पायांना ता. क. मध्ये एक ओळ, हे मला फार खुपलं.

तळव्याच्या कातडीत घामाच्या ग्रंथी भरपूर, पण तेलाच्या ग्रंथी मुळीच नसतात. त्यामुळे बाहेरून स्निग्ध काही लावल्याशिवाय ती मऊ राहत नाही. तुम्ही वर्गात तासन्‌तास उभ्या, घरी ओल्या फरशीवर, पायात मागून उघडी चप्पल. उभं राहिल्यावर टाचेची गादी बाजूला पसरते आणि कोरडी जाड कातडी ताणून फुटते. रात्री दहा मिनिटं कोमट पाण्यात पाय ठेवा (तुम्हाला मधुमेह नाही असं धरून सांगते), ओल्या टाचेवर वजरी हलक्या हातानं फिरवा, रक्त येईस्तोवर घासू नका. पुसून, कातडी जरा दमट असतानाच कोकमतेल, व्हॅसलीन किंवा युरिया असलेलं मलम लावा आणि सुती मोजे घालून झोपा. हे पंधरा दिवस रोज करा. आठवड्यातून एकदा केल्यानं काही होत नाही. शाळेत मागून बंद, मऊ तळाचे बूट घाला. साडीवर कसे दिसतील हा विचार मनात येईल, तो बाजूला ठेवा. भेगांतून रक्त येत असेल, खाज असेल किंवा तळहातही तसेच होत असतील, तर ती नुसती भेग नसेल, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

चिखल्या म्हणजे बेचक्यांत धरलेली ओल आणि तिच्यावर वाढलेली बुरशी. कोरडं ठेवणं हा निम्मा उपाय. उरलेला निम्मा म्हणजे बुरशीचं मलम, आणि ते खाज थांबली तरी डॉक्टरांनी सांगितलेले सगळे दिवस लावायचं. मेडिकलमधून 'खाजेची ट्यूब' म्हणून मिळणारी मिश्र मलमं घेऊ नका. त्यांत स्टिरॉइड असतं, दोन दिवस आराम वाटतो आणि बुरशी आत पसरते. आपल्याकडे हट्टी नायट्यांचं प्रमाण वाढण्यामागं हे एक मोठं कारण आहे. जोडवी रोज एकदा काढून खालची जागा कोरडी करा. तिथली कातडी पांढरी, ओलसर दिसली तर बरं होईस्तोवर जोडवी काढून ठेवा. सासूबाई काही म्हणाल्या तर माझं नाव सांगा.

डॉक्टरांची वेळ याच आठवड्यात घ्या, म्हणजे चप्पल बनवायला आणि ती रुळायला अडीच महिने मिळतील. जाताना अण्णांची रोजची जुनी चप्पल बरोबर न्या. तिचा तळ कुठं झिजलाय आणि कुठं खोल दबलाय, ते बघून त्यांच्या पायावर भार कुठं येतो हे डॉक्टरांना कळतं. आणि त्याच फेरीत तुमच्याही टाचा दाखवा.